नेलीच्या गाण्यातला थांबा

होबार्ट म्हाताऱ्याने सुनेला, आर्डिथला, आपला बँजो वापरायला दिला होता, शिकवलं मात्र काही नाही. "गाणं मागून मिळत नाही, पोरी. कान दे आणि घे," एवढंच म्हणायचा. स्वतः त्याने खाणीत कामाला असतानाच वाजवणं सोडलेलं. कंटाळा आला, म्हणे.

मग आर्डिथने कान दिला. माळ्यावर सापडलेली सासऱ्याची जुनी कॅसेट लावून ती हिवाळाभर 'नाल्याकाठची नेली' गिरवत बसली. मध्यावर, बँजोच्या पाचव्या, आखूड तारेवर अंगठा पडायचा तिथे, म्हातारा क्षणभर थांबे. तो थांबा तिला फार आवडला. डोंगरातल्या जुन्या वादकांची अशी एखादी खोड असतेच, मध्येच जास्तीचा ठोका घालायची. तीच घराण्याची खूण, असं तिने धरलं. बोटं सोलवटली, पण थांबा तिने हुबेहूब उचलला. सासऱ्याने चारचौघांत एकदा 'आमची पोर' म्हणावं, एवढीच तिची हाव.

त्याच्या वाढदिवसाला ओसरीवर सगळे जमले. घेवडा आणि मक्याचा पाव खाऊन झाल्यावर वाद्यं निघाली. फिडल, म्हणजे गावाकडचं व्हायोलिन, वाजवणाऱ्या शेजारच्या एस्टिलने मान हलवून तिला पाळी दिली. थांबा आला, तशी गिटार आणि फिडल पुढे निघून गेली, आर्डिथ मागे. दुसऱ्या फेरीलाही तेच.

"अगं, गाडी कुठे अडते तुझी?" एस्टिल हसला.

"अडत नाही, काका. बाबा असंच वाजवायचे," ती ताठ मानेने म्हणाली. "कॅसेटवर आहे. विचारा की त्यांना!"

सगळ्यांनी होबार्टकडे पाहिलं. त्याने उजवा हात मांडीखाली सरकवला होता.

"अंगठा अडायचा माझा तिथे," तो म्हणाला. "खाणीत छत कोसळलं तेव्हापासून. कंटाळा-बिंटाळा काही नाही. कुणाला कळू नये म्हणून सोडलं."

कुणीच हसलं नाही, ते जास्त वाईट. धरणी पोटात घेईल तर बरं, असं आर्डिथला झालं. त्याने इतकी वर्षं झाकलेलं तिने सगळ्यांसमोर वाजवून दाखवलं होतं, वर त्यालाच साक्षीला ओढलं होतं.

"बाबा, मला वाटलं..."

"कान चांगला आहे तुझा," म्हातारा मान वर न करता म्हणाला. "आता न अडता वाजव. फार दिवसांत धड ऐकलं नाही मी ते."

तिने पुन्हा सुरुवात केली. एस्टिलने तिच्यासाठी लय संथ धरली. ती जागा जवळ आली, तसं तिने मनात घोकलं, पुढे, पुढे. आणि इतक्या मेहनतीने शिकवलेला अंगठा नेमका तिथेच थांबला.