टकल्याचे माप

मित्रांनो, त्या दिवशी तपासनीस अकरा दिवसांनी कामावर आले आणि मला "काय टकल्या, झोप झाली का?" असे म्हणाले नाहीत. त्यांनी पाण्यात साखर ढवळली आणि ते पाणी माझ्यात ओतले. यंत्रावर भलतेच आकडे दिसू लागले.

साहेब येऊन उभे राहिले. "मीठ राहिलंय वाटतं."

"घातलं असेल."

"पुडा फोडलेलाच नाही." साहेबांचा आवाज खाली आला. "वहिनींचं ऐकून फार वाईट वाटलं. अजून चार दिवस घरी राहायचं होतं."

"घरी काय करू?"

त्यांनी मला रिकामे केले, धुतले आणि पुन्हा भरले. त्यांची बायको गेली, हे मला असे कळले.

मी एक जुना डोक्याचा साचा आहे. मला प्लॅस्टिकचा गाल आहे, कान आहे, केस नाहीत. एका दांडग्या पुरुषाच्या मापाने मला बनवले. मी कुशीवर पडून असतो. वरची बाजू उघडी, आत मेंदूच्या जागी साखरमिठाचे पाणी. नवा मोबाइल आला की तो माझ्या गालाला लावून पूर्ण जोरात चालू ठेवतात. एक बारीक सळई माझ्या आत फिरते आणि फोनच्या लहरी किती मुरल्या ते मोजते. आकडा मर्यादेत असला की तपासनीस सही करतात आणि तो फोन दुकानात जातो. साहेब पाहुण्यांना मला कौतुकाने दाखवत.

त्याच्या बरेच आधी एकदा तपासनीसांची बायको डबा द्यायला आली होती. ती शिवणकाम करायची. मला बघून म्हणाली, "अहो, हा तुमच्यापेक्षा बरा. निदान ऐकून तरी घेतो." मग गळ्यातली टेप काढून तिने माझे कपाळापासून मागेपर्यंत माप घेतले आणि नंतर स्वतःचे. "माझं केवढं लहान भरलं. माझ्या मापाचं डोकं कुठे ठेवलंय?"

"एकच माप असतं. सगळ्यांना तेच चालतं."

"सगळ्यांचे कपडे मी एकाच मापात शिवले, तर गिऱ्हाईक दारात उभं राहील का?"

तपासनीस हसले आणि त्यांनी डबा उघडला.

तिच्याकडे होता तसला फोन माझ्याच गालाला लागून पास झाला होता. सही तपासनीसांची. ती दिवसभर तो डाव्या खांद्यात आणि कानात दाबून गिऱ्हाइकांशी बोलायची, कारण दोन्ही हात मशीनवर असायचे. पुढे तिला गाठ आली ती डाव्या कानामागेच, आणि त्यातच ती गेली.

"डॉक्टर म्हणतात, फोनमुळे झालं असं म्हणायला आधार नाही," तपासनीसांनी साहेबांना सांगितले.

"मग झालं तर."

"हो. पण तिनं विचारलं होतं आणि मी हसलो होतो."

त्यांनी लहान मापाचा साचा मागणारा अर्ज लिहिला. साहेबांनी तो दोनदा वाचला. "अहो, नियमात एकच डोकं आहे. शिवाय मोठ्या डोक्यात जास्तच मुरतं, असं तज्ज्ञ सांगतात."

"सांगत असतील. आपण मोजलंय का?"

अर्ज त्यांच्या टेबलावर काचेखाली राहिला.

पुढे माझ्या कानाजवळ तडा गेला. पाणी झिरपू लागले. नवा साचा आला, माप तेच. मला कोपऱ्यातल्या कपाटावर ठेवले. खालच्या खणात तिचा फोन आहे. दर सोमवारी तपासनीस तो चार्जिंगला लावतात, भरला की काढतात, माझ्याकडे बघतात आणि परत खणात ठेवतात. मोजायला घेत नाहीत. आकडा कमी आला काय आणि जास्त आला काय, त्याचे पुढे काय करायचे, हे त्यांना ठाऊक नसावे.

मित्रांनो, घाबरू नका. पण खूप वेळ बोलायचे असेल तर फोन कानापासून दूर धरा. फोनच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद वाचा. आणि कोणी साधा प्रश्न विचारला, तर हसण्याआधी मोजून बघा.

लहान डोक्याचा साचा अजून बनलेला नाही. तिचा फोन अजून मोजायचा राहिला आहे.