नायट्रेट बासष्ट

तीस वर्षं मी कारखान्यात बॉयलरवर काढली, तेव्हा पाण्यातलं आपल्याला सगळं कळतं असा माझा समज होता. तो प्रयोगशाळेतल्या एका पोरीने मोडून काढला. पण आधी लेकीचं सांगतो, कारण ही सगळी भानगड तिच्यापायी झाली.

बायको जाऊन दीड वर्ष झालं. घरात मी एकटा. लेक लांब असते, तिला मुलगी झाली, चार महिन्यांची आहे. नातीला मी फक्त फोनवर पाहिलंय. ती जांभई देते, मी ‘चिमे, चिमे’ करत बसतो, आणि फोन बंद होतो. मीच गेलो असतो, पण गुडघ्यांना दोन दिवसांचा प्रवास झेपत नाही. ‘कधी येतेस?’ विचारलं की लेक म्हणायची, "बाबा, चिमी वरच्या दुधावर आहे. पावडर पाण्यातच कालवायची ना? आणि तुमचं ते बोअरचं पाणी. आधी तपासून घ्या, मग बघू." अहो, हीच बया त्या पाण्यावर घोड्याएवढी झाली! पण नातीला एकदा मांडीवर घ्यायला मिळणार असेल, तर पाणीच काय, मी माझं रक्तसुद्धा तपासून घेतलं असतं.

प्रयोगशाळेने बाटली दिली, सोबत सूचनांचा कागद. कागद वाचायचा माझा स्वभाव नाही. मी मोठं पातेलं चढवलं आणि पाणी पार निम्मं होईपर्यंत उकळलं. एक जंतू जिवंत सुटता कामा नये! मग गार करून बाटलीत भरलं आणि देऊन आलो.

आठवड्याने अहवाल आला. प्रत्येक ओळीत एक आकडा, शेजारी मर्यादा. जंतू : आढळले नाहीत. मी मिशीत हसलो. पुढच्या ओळीत नायट्रेट : बासष्ट. मर्यादा : पंचेचाळीस. आणि खाली लाल शिक्का, ‘तान्ह्या बाळासाठी अयोग्य’.

तसाच तरातरा प्रयोगशाळेत गेलो. "तुमचं यंत्र बिघडलंय!" मी खिडकीतूनच ओरडलो.

आतली तपासनीस माझ्या लेकीच्या वयाची. ती जागची हलली नाही. "काका, आधी बसा. नायट्रेट म्हणजे खतातून, सांडपाण्यातून जमिनीत मुरलेला क्षार. तान्ह्या बाळाच्या पोटात तो जास्त गेला तर रक्तातून प्राणवायू नीट पोचत नाही, बाळ निळं पडतं. म्हणून शिक्का. नळ पाच मिनिटं सोडून मग बाटली भरली होती ना?"

"तसलं पाणी कशाला देईन? चांगलं निम्मं आटवून आणलं होतं."

तिने अहवाल पुन्हा एकदा पाहिला. मग हसू दाबत म्हणाली, "काका, काम काय करायचात?"

"बॉयलरवर होतो."

"मग बॉयलरच्या नळ्यांत आतून काय धरायचं?"

तीस वर्षं मी त्या नळ्यांतला पांढरा थर खरवडला. वाफ निघून जाते, क्षार मागे राहतात, हे कितीतरी जणांना दमात घेऊन शिकवलं. आणि घरी मात्र पाणी निम्मं करून नायट्रेट दुप्पट करून ठेवलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

"नात बघायची घाई झालीय हो," मी म्हणालो. तिने नवी बाटली दिली, आणि सूचना माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतल्या.

दुसरा अहवाल आणायला मीच गेलो. नायट्रेट एकतीस. जंतू नाहीत. पिण्यास योग्य. "तरी बाळासाठी एक उकळी आणून गार करा," ती म्हणाली. "एकच हं, काका!"

प्रयोगशाळेच्या फाटकातूनच लेकीला फोन लावला. आकडा न् आकडा वाचून दाखवला. "आता सांग, कोणत्या गाडीने येतेस?"

पलीकडे चिमी कुरकुरत होती.

"बाबा," लेक म्हणाली, "पाण्याचं काही नव्हतं हो. आई गेल्यापासून त्या घरी यायचं म्हटलं की तिकीटच काढवत नाही. मी चिमीला घेऊन दारात उभी राहीन, आणि आई बाहेर येणारच नाही. मला नाही जमत. तुम्हाला कसं सांगायचं, म्हणून पाण्याचं काढलं."

मला राग यायला हवा होता. मी तापट माणूस आहे, कुणालाही विचारा. पण रागाचा पत्ताच नव्हता.

"मलाही नाही जमत गं," मी म्हणालो. "रोज बाहेरून आलो की कुलूप काढायच्या आधी उगाच थांबतो. पण मी कुठलं निमित्त काढू? मी तिथेच राहतो ना."

तिला रडू फुटलं. मी गप्प केलं नाही. माझंही तेच चाललं होतं. रस्त्यावरचे लोक बघत होते, बघू देत.

नाक ओढत ती म्हणाली, "बाबा, स्टेशनवर घ्यायला याल? मी एकटी आत नाही जाणार. कुलूप आपण दोघं मिळून काढू."