करडा कागद

चिकटपट्टी रंग ओला असतानाच ओढून काढायची. वाळल्यावर ओढली तर भिंतीचे पापुद्रे घेऊन येते.

दातांच्या दवाखान्यात लाल रंग नको, असं डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं.

मावशी फोनवर हसायच्या आधी मोठा श्वास आत ओढते. ऐकणाऱ्याला तेवढ्यात फोन कानापासून लांब धरता येतो.

खुर्ची काढायला सोपी. चार पाय, एक पाठ.

'आपण दाखवलेल्या उत्साहाबद्दल आभार. आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.' नकार त्याच्याही खाली होता. अंगठ्याने मजकूर सरकवावा लागला.

जिराफकाकांना छत रंगवायला शिडी लागत नाही. म्हणजे लागते, पण दोनच पायऱ्यांची.

हे सगळं एकाच मुलीच्या डोक्यात, उपड्या बादलीवर बसल्या बसल्या चाललेलं. खोली दवाखान्याची, पेशंट गाल धरून बसतात ती. बाबा रंगारी, जिराफकाका त्यांचे जोडीदार, आणि ती सुट्टीपुरती हाताखाली. चित्रकलेच्या कॉलेजने तिला घेतलं नव्हतं. परवाच कळलं होतं. तिला. बाकी कुणाला नाही.

बाकीच्यांना उलटंच माहीत होतं. बाबांनी गिऱ्हाइकांना सांगितलं होतं, रंगाच्या दुकानात सांगितलं होतं. आईने मावशीला सांगितलं होतं, म्हणजे उरलेल्या जगाला. निकाल यायचाय हे बाबा सांगत, नाही असं नाही. पण माल निघालाय, फक्त घरी पोचायचाय, अशा आवाजात.

डॉक्टरीणबाईंनाही त्यांनी सांगितलं. त्या मास्क हनुवटीवर ओढून म्हणाल्या, मग खिडकीशेजारची भिंत हिलाच द्या, काढू दे एखादं चित्र, पेशंटचं लक्ष तरी दुसरीकडे जाईल. बाबा म्हणाले, काढेल की. तिच्याकडे न बघताच म्हणाले, इतकी खात्री.

तिने भिंत घासली. खड्ड्यांत पुट्टी भरली. रंगाचा एक हात दिला, फिका, सायीसारखा, आणि बादलीवर बसून तो वाळायची वाट बघू लागली. वाळला. तिने दुसरा हात दिला. पुन्हा बसली. पेन्सिल एप्रनच्या खिशात होती, तिथेच राहिली.

जेवणानंतर ती परत डब्याचं झाकण उचकटायला लागली तेव्हा जिराफकाका म्हणाले, "ठिपके, भिंत रंगवतेस की तिला स्वेटर घालतेस?"

ठिपकी हे नाव त्यांनीच ठेवलेलं. लहान असताना बाबांच्या कामावर आली की ती तोंडभर ठिपके घेऊन घरी जायची.

"तयारी करतेय ती," बाबा दाराच्या चौकटीवरून मान न वळवता म्हणाले. "पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा नाही. तुला काय कळणार, तुझी जन्माची घाई."

डॉक्टरीणबाई दोन पेशंटांच्या मधे डोकावल्या. चित्र कुठवर आलं, विचारलं.

ती म्हणाली, वाळतंय.

आणि तिचे कान तापले. हाच शब्द, याच आवाजात, तिने आधी एकदा उच्चारला होता.

परीक्षेचा हॉल. खिडक्या बंद. मधोमध खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर टाकलेला पांढरा टॉवेल, भोवती गोल करून मुलं. शेजारचा मुलगा पेन्सिल घेऊन सरळ खुर्चीवर तुटून पडला. ती मनात हसली. कोऱ्या कागदावर कुणी असं चढतं का? तिने करडा रंग कालवला आणि अख्ख्या कागदाला एक हात दिला, या कडेपासून त्या कडेपर्यंत. करड्यावर तो टॉवेल काय उठून दिसला असता. घरी ती असंच करायची, आणि घरी घाई करणारं कुणी नव्हतं. बंद हॉलमध्ये रंग वाळेना. वाळला तेव्हा एका कोपऱ्यातून पांढरा कागद डोकावत होता, म्हणून दुसरा हात. देखरेखीच्या बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, अगं, सुरू कर की. ती म्हणाली, वाळतंय. पुढच्या रांगेतल्या माना वळल्या. कुणीतरी नाकातून हसलं.

घंटा झाली तेव्हा तिच्या कागदावर खुर्चीचा दीड पाय होता.

घेतलं नाही, एवढं सांगता आलं असतं. कितीतरी जणांना घेत नाहीत. पण बाबा विचारणार, काय चुकलं? आणि ती चुकली होती ती बाबांचं ऐकून. लहानपणापासून ऐकलेला त्यांचा एकच नियम, कधी न मोडलेला. हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं?

संध्याकाळी मागच्या नळावर दोघं रोलर धूत होते. पाणी सायीच्या रंगाचं होऊन जाळीतून जात होतं.

"बाबा, मला नाही घेतलं."

बाबांनी रोलर पिळला. "कुणी?"

"कॉलेजने. परवा कळलं."

"काय चुकलं?"

"जागा कमी होत्या."

उत्तर परवापासून घोटून ठेवलं होतं, त्यामुळे अडखळलं नाही. बाबांना ते लगेच पटलं, आणि तिथेच सगळं बिघडलं. जागा कमी? एवढी मोठी इमारत, आणि जागा कमी? ते चिडले, पण तिच्यावर नाही. तिचा खांदा त्यांनी ओल्या हाताने दाबला. उद्या काम बंद, म्हणाले. ते स्वतः जाणार. भांडणार नाहीत. नुसतं म्हणणार, माझ्या पोरीचा कागद काढा आणि माझ्यासमोर ठेवा.

"रंगातलं मला कळतं," ते म्हणाले. "बघू दे, काय कमी होतं त्यात."

तिला दिसलं ते. इस्त्रीचा शर्ट घातलेले बाबा, कुणाच्या तरी टेबलापुढे उभे. टेबलावर तो कागद. टेबलापलीकडचा माणूस हसू दाबत.

"नका जाऊ."

"का म्हणून?"

मग तिने सांगितलं. नळाकडे बघत, एका दमात, खुर्चीच्या दीड पायापर्यंत. मी वाळतंय म्हणाले, हेही सांगितलं. माना वळल्या, तेवढं गाळलं.

बाबांनी शेवटी विचारलं, "रंग सपाट बसला होता?"

"हो."

"ब्रशच्या रेघा?"

"एकपण नाही."

त्यांची मान हलली, दुसऱ्या कुणाचं काम पसंत पडलं की हलते तशी, आणि अर्ध्यातच थांबली. त्यांनी नळ बंद केला, मग उगाच पुन्हा घट्ट केला. ओरडले असते तर बरं झालं असतं, तिला वाटलं. तिला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. आपण हे बोलायलाच नको होतं, त्यांना कॉलेजात जाऊ दिलं असतं, तिथे निदान आपण समोर नसतो, असं काहीतरी घाणेरडं तिच्या मनात येऊन गेलं.

बाहेरच्या खोलीत जिराफकाका दाराजवळच्या भिंतीला पहिला हात देऊन नुकतेच टेकले होते. बाबांनी येऊन धुतलेला रोलर रंगात बुडवला आणि त्याच भिंतीवर चालवायला सुरुवात केली.

"अरे, ओली आहे ती," जिराफकाका म्हणाले.

बाबा थांबले नाहीत. रोलरखाली ओला रंग गोळा होऊन सुटायला लागला. खालची जुनी हिरवी भिंत जागोजागी उघडी पडली. वर-खाली, वर-खाली. जिराफकाकांनी तिच्याकडे पाहिलं.

तिने जाऊन रोलरचा दांडा धरला. ओढला नाही. नुसता धरून ठेवला, बाबांच्या हाताचा जोर सुटेपर्यंत.

डॉक्टरीणबाई पर्स खांद्याला अडकवत बाहेर आल्या. आधी दाराजवळची भिंत पाहिली, मग खिडकीशेजारची कोरी. हे काय, म्हणाल्या. बाबांनी बोलायला तोंड उघडलं.

"मला कॉलेजने घेतलं नाही, बाई," ती मधेच म्हणाली. "चित्र पण नाही झालं. आणि ही भिंत आम्ही उद्या खरवडून परत करून देतो."

जिराफकाका खाली बघून रंगाच्या डब्यावर झाकण ठोकत राहिले, बसलेलं असतानाही.

डॉक्टरीणबाई बरं म्हणाल्या. मग विचारलं, सकाळी दवाखाना उघडेपर्यंत वास जाईल ना?

"जाईल," बाबा म्हणाले.

परीक्षेच्या दिवशी ती घरी आली तेव्हा बाबांनी पेपर कसा गेला विचारलं होतं, आणि तिने सांगितलं होतं, सोपा होता.