मंजुळाबाईचा रांजण

“यातलं भोक बुजवून दे,” म्हणत मंजुळाबाईने तांब्याचा पत्रा बरकत कल्हईवाल्याच्या भात्यापुढे ठेवला.

बरकतने पत्रा उन्हात तिरपा धरला. तेजाबाने कोरलेली एक बाई रांजणात घागर रिकामी करत होती. नाक थेट मंजुळाबाईचं. रांजणाच्या पोटाला मात्र लिंबाएवढं भोक, आणि त्यातून पाण्याची धार.

“बाई, उभी पिंपरी माझ्याकडे भांडी आणते. भांड्याचं चित्र कुणी आणलं नव्हतं.”

“डाख त्योच ना लागतो?”

बरकतने डाखासाठी कथलाची कांडी काढली.

पत्रा इंजिनियरसाहेबाच्या मडमेचा होता. पंचावन्न साली पिंपरीत कारखाना उभा राहत होता आणि साहेबाच्या बंगल्यावर पवना नदीचं पाणी मंजुळाबाई भरत होती. तिला बघून मडमेने हे कोरलं. आता पत्र्याला शाई लावून कागदावर छाप काढायचा आणि तो उद्घाटनाला कचेरीत टांगायचा, असं ठरलं होतं. अर्थ सांगितला बंगल्यावरच्या गुलजार खानसाम्याने. ग्रीस देशातली जुनी गोष्ट. एकोणपन्नास बहिणींनी आपापले नवरे मारले, म्हणून मेल्यावरही गळका रांजण भरत राहायची त्यांना शिक्षा झाली.

मंजुळाबाईने शांतपणे ऐकून घेतलं. तिचा नवरा चिमाजी दोन वेळा व्यवस्थित जेवत होता, तेव्हा खुनाचं तिला काही वाटलं नाही.

“त्यो जित्ता हाय, गावाला ठावं हाय,” ती गुलजारला म्हणाली. “पर रांजणाचं काय? वीस वर्सं पाणी भरते, थेंब सांडला न्हाई माजा. उद्घाटनाला समदं गाव येणार, आन् माज्या म्होरं गळका रांजण?”

भोक हीच तर गोष्ट आहे, असं मडमेने आतून कळवलं. तेव्हापासून मंजुळाबाई वेळेवर यायची, भरल्या घागरी पायरीवर मांडायची आणि शेजारी बसून राहायची. आत एक थेंबही ओतायची नाही. अंघोळीवाचून तिसऱ्या दिवशी मडमेला पटलं की गोष्टी बदलतात, आणि पत्रा बरकतकडे निघाला.

बरकतने भोकाच्या आणि धारेच्या रेघांत डाख भरला, घासून गुळगुळीत केला; आता तिथे शाई धरणार नव्हती. बुडाशी साचलेलं पाणी तेवढं मंजुळाबाईने राहू द्यायला सांगितलं. “भरून वाहिला म्हनतील.”

उद्घाटनाला गाव चित्रासमोर उभं राहून तसंच म्हणालं. शेजारच्या आक्काबाईने तर एवढा मोठा रांजण तुला परवडला कसा, असंही विचारून घेतलं.

सोमवारी बंगल्याला नळ आला. उद्यापासून येऊ नका, असं गुलजारने जमिनीकडे बघत सांगितलं. मडमेने पत्रा तिलाच देऊन टाकला. ती निघाली तेव्हा नळ थेंबथेंब गळत होता. त्याचं चित्र कुणी काढलं नाही.

घरी येऊन तिने आपला रांजण काठोकाठ भरला आणि पत्रा त्यावर झाकण म्हणून ठेवला. कोरलेली बाजू खाली, चित्रातल्या बाईचं तोंड पाण्याकडे.

“चित्र वर ठेव की,” चिमाजी म्हणाला. “लोकांना दिसंल.”

“लोकांनी बघितलं,” मंजुळाबाई म्हणाली. “आता तिला बघू दे. भरलाय.”