डुगडुगणारं स्टूल

ऑफिसात तिला सगळे 'कान' म्हणायचे. कुणी लाडाने 'कानताई' म्हणे, मालक मात्र सरळ 'अहो कान' अशी हाक मारत. तिचं कामच तसं होतं. स्टुलं बनवणाऱ्या त्या कंपनीबद्दल सोशल मीडियावर कोण, कुठे, काय बोलतंय ते दिवसभर पडद्यावर बघत बसायचं. चांगलं बोललं की पडद्यावर हिरवा चेहरा उगवे, वाईट बोललं की लाल, आणि धड ना चांगलं, धड ना वाईट असलं की करडा. संध्याकाळी या चेहऱ्यांचा अहवाल मालकांना द्यायचा. यामुळे ब्रँड बळकट होतो असं मालक कुठल्याशा परिषदेत ऐकून आले होते. बाकीचे लोक परिषदेतून पेन आणि पिशवी घेऊन येतात.

अडचण एवढीच होती की स्टुलाबद्दल कुणी बोलतच नाही. माणूस स्टुलावर बसतो, उठतो आणि विसरून जातो. फार तर त्यावर चढून कपाटावरची बॅग काढतो. 'आज स्टुलावर बसलो, फार बरं वाटलं' असं जगाला कळवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. पडदा दिवसचे दिवस कोरा राही. कान इमानेइतबारे त्या कोऱ्या पडद्याचा अहवाल लिही, 'आज शांतता', आणि मालकांचं तोंड बघवत नसे.

शेवटी एके दिवशी मालकांनी तिला बोलावून घेतलं.

"अहो कान, कुणी बोलतच नसेल तर ऐकायला माणूस कशाला हवा? पुढच्या महिन्यापासून तुमच्या टेबलावर झेरॉक्सचं मशीन ठेवायचं म्हणतोय."

"आणि मी?"

"तेच म्हणतोय," मालक म्हणाले.

ती घरी आली ती हे झेरॉक्सचं मशीन डोक्यात घेऊन, आणि घरी बाबा होते. बाबांनी उभं आयुष्य दुकानादुकानांतून तराजू आणि वजनं तपासण्यात घालवलं होतं. ते निवृत्त झाले तरी त्यांची नजर काही निवृत्त झाली नव्हती. आई गेल्यावर कान त्यांना आपल्याकडे घेऊन आली, आणि तेव्हापासून तिच्या घरातली एकेक वस्तू नापास होत चालली होती. दार कुरकुरतं. घड्याळ पुढे पळतं. चहा पांचट. आणि कंपनीने कर्मचाऱ्यांना दिलेलं जे स्टूल तिने कौतुकाने स्वयंपाकघरात आणून ठेवलं होतं, त्यावर तर त्यांचा विशेष डोळा होता. "डुगडुगतंय," ते सकाळच्या चहाला म्हणायचे. "अजून डुगडुगतंय," ते जेवताना म्हणायचे.

त्या दिवशीही ते तेच म्हणाले आणि तिचा पारा चढला.

"मला काय सांगता, बाबा? मी बनवलंय का ते? कंपनीला सांगा! हातात मोबाइल आहे ना, लिहा त्यावर, कळू दे सगळ्या जगाला!"

ती रागाने बोलली. पण सरकारी नोकरीत मुरलेला माणूस, लेखी तक्रारीचा सल्ला तो असा वाया घालवतो का? दुसऱ्या दिवशी ऑफिसात पडद्यावर लाल चेहरा उगवला. खाली लिहिलं होतं : 'मी हे स्टूल स्वतः तपासले. ते डुगडुगते. — एक ग्राहक.'

ऑफिसात एकच गलका झाला. मालक केबिनमधून धावत आले. प्रसिद्धीप्रमुख आजवर फक्त कॅलेंडरं छापत होता, तोही आला. "कुणीतरी बोललं!" मालक म्हणाले, आणि त्यांचे डोळे खरोखर पाणावले. बोलणारा नावं ठेवतोय, हे कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं. सगळ्यांना चहा आला.

कानने मात्र मिठाची गुळणी धरली. कारण कंपनीचा नियम होता की कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांचं बोलणं मोजायचं नाही. मागे विक्रीप्रमुखाच्या सासूने जावयाच्या बढतीसाठी एकटीने एवढं कौतुक लिहिलं होतं की पडदा हिरवागार झाला होता. तेव्हापासून हा नियम होता, आणि मोडणाऱ्याला घरचा रस्ता होता.

उत्तरं देण्याचं कामही तिच्याकडेच होतं, आणि त्याचेही नियम होते. 'प्रिय ग्राहक' अशी सुरुवात, 'आपण' असं संबोधन, शेवटी 'दिलगीर आहोत', आणि ग्राहकाच्या घरगुती बाबींवर अवाक्षर नाही. प्रत्येक उत्तर आधी कायदा सल्लागाराच्या नजरेखालून जाई. हा सल्लागार 'शुभ सकाळ' लिहायलाही घाबरायचा, कारण सकाळ शुभ गेली नाही तर जबाबदारी कोणाची? तेव्हा कानने आपल्या बापाला लिहिलं : 'प्रिय ग्राहक, आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.'

त्या संध्याकाळी जेवताना बाबा वेगळ्याच तंद्रीत होते.

"तुमच्या कंपनीत एक मुलगा आहे," ते म्हणाले. मुलगी तिथे नेमकं काय काम करते, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. "उत्तरं देतो. काय नम्र आहे! आपण-आपण करून बोलतो. आवाज म्हणून चढवत नाही. नाहीतर तू."

"हो का," कान म्हणाली.

"भाग्यवान असतील त्याचे आईबाप."

मग हे रोजचंच झालं. बाबा रोज लिहीत आणि तो मुलगा रोज दिलगीर होई. कंपनीने दुसरं स्टूल पाठवलं, तेही डुगडुगलं. तिसरं पाठवलं, त्याचीही तीच गत. पत्ता भरायचं काम कानचंच असल्यामुळे स्टुलं कुठे जातायत हे कुणाला कळलं नाही, पण स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा उरली नाही. तिकडे लोकांना या तक्रारींचा नाद लागला. 'आज डुगडुगलं का?' असं सकाळी उठून विचारणारे निघाले. 'आमचंही डुगडुगतं' म्हणणारे निघाले. एकाने लिहिलं की मी अजून स्टूल घेतलेलं नाही, पण माझं लग्न डुगडुगतंय, आणि आज प्रथमच मला एकटं वाटलं नाही.

पडदा चेहऱ्यांनी ओसंडून वाहू लागला. स्टुलं हातोहात खपू लागली आणि चांगली निघाली म्हणून परत येऊ लागली. लोकांना डुगडुगणारं हवं होतं. "डुगडुग हीच आपली ओळख!" प्रसिद्धीप्रमुखाने जाहीर केलं आणि एक पाय आखूड ठेवायचा हुकूम कारखान्यात गेला. सुतारांनी कपाळावर हात मारून घेतला आणि पाय कापायला घेतले.

अशात एका रविवारी लादी पुसताना कानने सगळी स्टुलं बाहेरच्या खोलीत नेली, आणि बघते तर तिथे एकही हलेना. ती परत स्वयंपाकघरात येऊन गुडघ्यावर बसली, लादीवर तळवा फिरवला. टेबलाजवळची फरशी खचली होती. पुठ्ठ्याची एक घडी पायाखाली सरकवली असती की मिटला असता मामला. तिने लादी पुसली आणि स्टुलं होती तिथेच नेऊन ठेवली. तिला स्वतःची लाज वाटली. पण ऑफिसातलं टेबल हे अर्धंच कारण होतं. आई गेल्यापासून बाबा इतके खुशीत कधी दिसले नव्हते, हे उरलेलं.

कारण आता ते त्या मुलाला खाजगी निरोपही पाठवू लागले होते. 'बाळा' म्हणायचे त्याला. आज गुडघा दुखतोय, आज बायकोची आठवण आली, असं काहीबाही लिहायचे. घरात मुलीशी मात्र बोलणं दार, घड्याळ आणि चहा यापलीकडे जात नव्हतं. ती ऑफिसात बसून बापाचं मन वाचायची आणि लिहायची, 'नोंद घेतली आहे.'

आणि मग दादाचा फोन आला. तिचा हा थोरला भाऊ दूर दुसऱ्या शहरात असायचा. खोली रिकामी आहे, बाबांना न्यायला येतो, तू दिवसभर बाहेर असतेस, त्यांचे हाल होतात, असं त्याचं म्हणणं. बाबांनी तिला एवढंच सांगितलं, "दादा बोलावतोय."

"तुम्ही बघा," ती म्हणाली. तिला वाटलं, इथे त्यांना एक गोष्ट धड वाटत नाही, त्यांना जायचंच असणार. कशाला आडवं यायचं?

दुसऱ्या दिवशी पडद्यावर निरोप आला. 'बाळा, मुलगा मला न्यायला येतो आहे. मला जायचे नाही. पण मुलगी नुसतेच "बघा" म्हणते. तिला मी जड झालो असेन. स्टुलाचे राहू दे, याचे काय करू ते सांग.'

कानला रडू आवरेना. तिने लिहिलं, 'बाबा, असं काय', आणि खोडलं, कारण कायदा सल्लागार मागे येऊन उभा राहिला होता. मग तिने लिहिलं : 'प्रिय ग्राहक, आपली अडचण समजली. दिलगीर आहोत.' आयुष्यात तिने इतकं हलकट वाक्य लिहिलं नव्हतं. घरी जाऊन तोंडाने सांगावं, तर आपण सगळं वाचलं हे त्यांना कळणार. मग तो मुलगाही गेला, आणि बाबांनी बोलायचं कुणाशी? रात्री जेवताना बाबांनी मीठ मागितलं, तिने दिलं.

दादाचं येणं ठरलं. त्याच्या आदल्याच दिवशी मालकांनी 'एक ग्राहक' यांचा जाहीर सत्कार ठेवला. बाबांची बॅग दाराशी भरून तयार होती. इस्त्रीचा शर्ट घालून ते म्हणाले, "जायच्या आधी त्या मुलाला भेटायचंय. त्याला तोंडावर विचारेन. लिहिताना बिचारा भीत असेल." कानने घाईघाईने चपला घातल्या. ती पुढे निघून गेली.

ऑफिसच्या मोठ्या खोलीत मंच उभारला होता. मंचावर पाय कापायच्या आधीचं अस्सल जुनं स्टूल, स्टुलावर मखमल, समोर सगळे कर्मचारी. मंच सपाट असल्यामुळे ऐन वेळी स्टूल डुगडुगेना, म्हणून प्रसिद्धीप्रमुखाने एका पायाखाली आपल्या व्हिजिटिंग कार्डाची घडी सरकवली होती. बाबा बसले. स्टूल डुगडुगलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

बाबा उठले, वाकले, कार्ड काढून प्रसिद्धीप्रमुखाच्या हातात दिलं आणि पुन्हा बसले. डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले. मग माईक ओढून घेतला.

"हे डुगडुगत नाही," ते म्हणाले.

"डुगडुगतंय की, साहेब!" प्रसिद्धीप्रमुखाचा आवाज कापत होता.

"नाही. मी जन्मात खोटं प्रमाणपत्र दिलेलं नाही. म्हणजे दोष आमच्या घरच्या फरशीचा. मी माझी तक्रार सर्वांसमक्ष मागे घेतो."

मालक मटकन खाली बसले.

"आता तो मुलगा कुठंय?" बाबा म्हणाले. "त्याची माफी मागायचीय. फरशी आमची, आणि तो रोज दिलगीर होत होता."

"मुलगा कुठला?" मालक कसेबसे म्हणाले. "उत्तरं आमच्या कान देतात. अहो कान, या पुढे."

कान पुढे आली. बाबा तिच्याकडे बघत राहिले.

"ओळख करून देतो—" मालक म्हणाले.

"ओळख आहे. माझी मुलगी."

कायदा सल्लागार ताडकन उभा राहिला. "नातेवाईक!" तो ओरडला. "मालक, नियम! हे सगळं बोलणं मोजता येणार नाही! एकही चेहरा धरता येणार नाही!" मालकांनी डोळे मिटून नुसती मान हलवली आणि दाराकडे बोट केलं.

माईक चालूच होता. बाबांना त्याचं भान नव्हतं.

"मी लिहिलं ते सगळं तू वाचलंस?"

"हो."

"शेवटचंसुद्धा?"

"हो, बाबा."

"आणि 'दिलगीर आहोत' असं लिहिलंस."

"नियम होता. घरगुती बाबींवर बोलायचं नाही."

बाबांनी नियमाचा मान राखत क्षणभर विचार केला.

"नोकरी गेली ना तुझी आत्ता?"

"गेली."

"मग नियमही गेला. आता सांग. काय करू मी?"

तिने तोंड उघडलं तर सवयीने 'आपण' असं आलं, ते तिने अर्ध्यावरच तोडलं. समोर सगळं ऑफिस बघत होतं.

"राहा," ती म्हणाली. "कुठे जाऊ नका."

"तुला जड होणार नाही?"

'नाही' म्हणणं सोपं होतं. समोर दुसरं कुणी असतं तर ती म्हणालीही असती.

"होता ना जड," ती म्हणाली. "रोज होता. तरी राहा."

बाबांनी तिच्याकडे नीट बघितलं, मग मान हलवली.

"हे खरं बोललीस," ते म्हणाले. "लाव दादाला फोन."