उन्हाची वही

रंगखान्याच्या वाळवणीच्या छपराखाली त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. तिन्ही पाळ्यांची माणसं वर्षातून एकदाच एकत्र येतात, आगीच्या दिवशी. अठरा वर्षांपूर्वी याच तारखेला भर दुपारी रसायनांच्या कोठीने पेट घेतला आणि नऊ माणसं गेली. फाटकावरच्या दगडात तारीख कोरलेली आहे. एरवी लोक दगडापुढे दोन मिनिटं गप्प उभे राहतात आणि कामाला लागतात. या वर्षी मुकादमाने एका बाबाला आणून उभं केलं होतं.

छपराच्या पत्र्याला जुन्या खिळ्यांची भोकं आहेत. त्यांतून ऊन उतरतं आणि फरशीवर गोल कवडसे पडतात. बाबाने एका कवडशावर काठी टेकली.

"हे काय आहे?"

"ऊन," कुणीतरी म्हणालं.

"ऊन नाही, डोळा आहे. रोज तुम्हाला पाहतो. आज पूर्ण उघडा आहे. आजपासून अकराव्या दिवशी, सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी त्याला पहिला घास लागेल. अकरा वीसला घास भरेल. तेव्हा या फरशीवर एकही गोल दिसणार नाही. सगळ्यांचे विळे होतील."

लोक त्याला ग्रासबाबा म्हणत. दर वाक्यात घास, ग्रास नाहीतर ग्रासणं यायचंच. मला तर त्याचं बोलणं ऐकून नुसती भूक लागायची. पण हसायला त्या दिवशी कुणी तयार नव्हतं.

त्याने पिशवीतून पुठ्ठ्यावर चिकटवलेलं एक पिवळं पान काढलं. त्यावर आकड्यांच्या रांगा होत्या. पान त्याने उजव्या कडेला अंगठा दाबून धरलं होतं, आणि पुढे मी ते जेव्हा जेव्हा पाहिलं तेव्हा अंगठा तिथेच होता.

"अठरा वर्षं, अकरा दिवस," तो म्हणाला. "ग्रास वाटेल तेव्हा येत नाही, मोजून येतो. मागच्या खेपेला तो इथे कधी आला होता, ते तुमच्या फाटकावर कोरलंय. सांगा, आग लागली तेव्हा सूर्य कसा होता?"

मागून एक जण म्हणाला, "काळवंडला होता."

"हो, अंधारून आलं होतं," दुसरा म्हणाला.

पाहता पाहता निम्म्या लोकांना तो काळवंडलेला सूर्य आठवला. त्या साली जो इथे कामाला लागलाही नव्हता, त्यालासुद्धा आठवला.

"आणि त्या दिवशी इथे जन्मलं कोण?" बाबाने विचारलं.

सगळ्यांच्या माना एकाच दिशेने वळल्या. तिथे माझी भाची उभी होती.

तिला सगळे ठिपकी म्हणतात, कारण मनगटावर निळा तीळ आहे. माझ्या बहिणीला आगीतून बाहेर काढलं तेव्हा तिचे दिवस भरले होते. तिला बाहेर ठेवून माझे मेहुणे दुसऱ्या कुणाला तरी आणायला परत आत गेले, ते आतच राहिले. तिसऱ्या प्रहरी दवाखान्यात ठिपकी जन्मली आणि दिवे लागायच्या आत माझी बहीण गेली. पोरीला तिच्या आत्याने वाढवलं. आता ती रंगखान्यात छटा जुळवते. निळ्याचे दोन तुकडे तुम्हाआम्हाला एकच वाटतात, ती त्यांतला फरक दुरून सांगते. तिचं सगळं पोट त्या दोन डोळ्यांवर आहे.

आणि बाबाला नेमके तेच हवे होते. ग्रहणाच्या दिवशी तिला पट्टी बांधून बसवायचं, भरल्या घासाला पट्टी सोडायची आणि सूर्य सुटेपर्यंत तिने उघड्या डोळ्यांनी त्याच्याकडे पाहत राहायचं. काळी काच नाही, काही नाही. बाबाचं म्हणणं, सूर्याने आपली नजर तिच्यात सोडली आहे, ती त्याला परत केली की रंगखाना सुटेल. नाही केली तर कोठी पुन्हा पेटेल.

तीन महिने निळा रंग डाग धरत होता. मुकादमाने नवी कूपनलिका खोदली तेव्हापासूनच धरत होता, पण पाण्याला दोष दिला तर खोदणाऱ्याकडे बोट जातं. आकाशाकडे बोट दाखवणं त्याला सोयीचं होतं.

चार दिवसांनी ठिपकी माझ्या दुकानात आली. माझं चष्म्यांचं दुकान आहे, मागे तपासणीची अरुंद खोली. ती न विचारता खुर्चीत बसली.

"मामा, डोळे तपास."

"तुला काय धाड भरलीय? परवाच तर तपासले."

"लिहून ठेव. किती चांगले होते ते."

मी तक्ता लावला. तिने शेवटची ओळ वाचली, त्याखालचं छापखान्याचं बारीक नावसुद्धा वाचलं. मी तारीख घालून लिहून घेतलं.

"सूर्याकडे पाहिलं की दुखतं का रे?" तिने विचारलं.

"नाही. तीच तर भीती आहे. डोळ्याच्या आतल्या पडद्याला दुखणं कळतच नाही. सूर्य तो जाळत असतो आणि माणसाला वाटतं, सोसतंय की. दुसऱ्या दिवशी बघशील तिथे मधोमध काळा डाग. तो जात नाही."

"एकटीचेच जातील ना. तिथे तीनशे माणसं आहेत."

"ठिपके, हा शुद्ध मूर्खपणा आहे."

"मामा, खरं सांग. तुलाही वाटलं होतं ना? की मी आले आणि सगळे गेले?"

खोटं कशाला सांगू? एकदा वाटलं होतं. बहिणीला पोचवून आलो त्या दिवशी, पाळण्यात वाकून पाहताना. एकदाच, पण पोरांना अशा गोष्टी न सांगता कळतात. मी म्हणालो, "हो, वाटलं होतं. दुःखात माणूस काहीही जोडतो कशालाही. माझं चुकलं होतं." ती उठून गेली. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

ग्रहणाच्या तीन दिवस आधी बाबाने तिला कचेरीवरच्या खोलीत बंद करून ठेवलं. खिडक्यांना जाड गोणपाट लावलं होतं. डोळे ताजे राहावेत म्हणून, असं मुकादमाने मला जिन्यावरच सांगितलं आणि वर जाऊ दिलं नाही. अंधारात राहिलेल्या डोळ्यांच्या बाहुल्या पूर्ण उघडतात, हे मला त्याने सांगायची गरज नव्हती.

मी फाटकाजवळच्या खोलीत ठिपकीच्या आत्याकडे गेलो. ती रंगखान्याची उन्हाची वही लिहिते. कापडाचं कोणतं ठाण कसल्या उन्हात वाळलं हे कळल्याशिवाय छटा जुळत नाही, म्हणून दर तासाला ऊन लिहायचं: कडक, मऊ, पातळ, नाही. आधी तिचे वडील लिहीत, मग ती. वह्या फाटकापाशी असल्यामुळे आगीतून वाचल्या होत्या.

"ताई, तुम्हाला आठवतंय का, त्या दिवशी सूर्य काळवंडला होता?"

"आठवतंय तर. हात दिसत नव्हता हाताला."

"मग वहीत असेल."

अठरा वर्षांत ते पान तिने उघडलं नव्हतं. लोखंडी कपाटातून वही काढली, पान उलटलं आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "सात, कडक. आठ, कडक. नऊ, दहा, अकरा, बारा, कडक. बारा चाळीस, धूर." त्यापुढे पान कोरं होतं.

"धूर," ती हळूच म्हणाली. "तो धूर होता. माझंच अक्षर आहे हे."

पण एक गोष्ट मला छळत होती. तीन दिवसांनी ग्रहण आहे, हे तर वर्तमानपत्रातही आलं होतं. अठरा वर्षं अकरा दिवसांचा फेरा मीही कुठेतरी वाचला होता. मग मागचं ग्रहण गेलं कुठे? मी वेधशाळेत फोन लावला. एका बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अठरा वर्षं, अकरा दिवस. आणि तास?"

"कसले तास?"

"वर आठ तास असतात. बहुतेक लोक तेच गाळतात."

त्यांनी समजावलं ते मी लिहून घेतलं, आणि आत्याच्या वडिलांची सगळ्यात जुनी वही शोधायला बसलो.

ग्रहणाच्या सकाळी आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. साडेदहानंतर ऊन विचित्र दिसू लागलं. ऊन होतं, पण त्यातली ऊब काढून घेतल्यासारखं. सावल्यांच्या कडा धारदार झाल्या. पाखरं तारेवर येऊन बसली. वाळवणीवरचं निळं कापड शिशासारखं दिसत होतं. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

छपराच्या उघड्या बाजूला, उन्हात, एका स्टुलावर ठिपकी बसली होती. डोळ्यांना पांढरी पट्टी, हात मांडीवर. फरशीवरचे गोल एकेक करून खरंच विळे झाले होते. एक विळा तिच्या पायाशी पडला होता आणि आजूबाजूची माणसं मागे सरकली होती.

"आला," बाबा म्हणाला. "तिला शोधत आला. दहा मिनिटं उरली."

मी भट्टीजवळचा झारा उचलला, रंगातून सूत काढायचा, भोकाभोकांचा. मुकादम आडवा आला.

"चष्मेवाले, विघ्न आणू नका. काही झालं तर तुम्ही जबाबदार."

"आणि हिचे डोळे गेले तर कोण जबाबदार? नाव सांगा, लिहून घेतो."

तो घुटमळला, तेवढ्यात मी पुढे गेलो आणि झारा उन्हात धरला. त्याची सावली बाबाच्या सदऱ्यावर पडली. पोटापासून छातीपर्यंत तीस-चाळीस बारके विळे चमकू लागले.

"बाबा, तो तुम्हालाही शोधत आलाय," मी म्हणालो. "चांगला कळपाने आलाय."

तो बाजूला सरकला. मी झारा वळवला. विळे मुकादमाच्या कपाळावर गेले, तिथून भिंतीवर, बादलीवर, गोणपाटावर.

"कवडसा म्हणजे सूर्याचं चित्र," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "बारीक भोकातून सूर्याची आकृती खाली उतरते. सूर्य गोल तर कवडसा गोल, सूर्याची कोर तर कवडशाची कोर. चंद्र मध्ये आलाय, बस. बोटांच्या फटीतून ऊन पाडा, तुमच्या हातावरही विळा येईल."

एका बाईने बोटांत बोटं अडकवून धरली. मग शेजारच्या माणसाने. क्षणात शंभर हात पुढे आले आणि प्रत्येकाच्या सावलीत विळे पडले.

"विळा कुणावरही पडेल," बाबा ओरडला. "फेरा खोटा नाही. अठरा वर्षं, अकरा दिवस. ती आग..."

"आगीच्या दिवसाचं ऊन माझ्या वहीत आहे," आत्या म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली ते मला कळलं नव्हतं. तिने पान वाचलं, सात ते बारा, कडक, कडक, कडक. "बारा चाळीस, धूर" म्हणताना तिचा आवाज फुटला, पण ती थांबली नाही. "सूर्य काळवंडला नव्हता. धुराने झाकला होता. मीही इतकी वर्षं उलटंच सांगत होते."

मी बाबाच्या हातातलं पान धरलं. त्याने अंगठा सोडला नाही, म्हणून पुठ्ठ्यासकट ओढलं. उजवी कड मागे दुमडून चिकटवलेली होती. नखाने सोडवली. एक रकाना बाहेर आला. वर छापलं होतं: तास.

"अठरा वर्षं, अकरा दिवस आणि आठ तास," मी वाचलं. "हे आठ तास याने दुमडून ठेवले. तेवढ्या वेळात पृथ्वी एक तृतीयांश फिरते. दर फेऱ्याला ग्रहण आठ तास पुढे सरकतं. मागचं ग्रहण झालं तेव्हा आपल्याकडे पहाटेचे सव्वातीन वाजले होते. सूर्यच उगवला नव्हता. दुसऱ्या कुठल्या तरी देशाने ते पाहिलं."

मागून रात्रपाळीचा एक कामगार म्हणाला, "म्हणजे ते तेव्हा रात्रपाळीला होतं."

"त्याच्या आधीचं दुसऱ्या पाळीला," मी म्हणालो, "दिवे लागल्यावर. आणि त्याच्याही आधीचं आपल्या पहिल्या पाळीला. तीन पाळ्या पुऱ्या झाल्या की परत तिथेच. चौपन्न वर्षं आणि महिनाभर, वर दोन-तीन दिवस."

आठ तास म्हणजे काय, हे त्या माणसांना शिकवावं लागत नाही. त्यांच्या चेहऱ्यांवर ते एकेक करून उतरताना मी पाहिलं.

"मग चौपन्न वर्षांपूर्वी काय झालं होतं?" मुकादमाने विचारलं. त्याचा आवाज बारीक झाला होता. "ते तर इथलंच होतं ना?"

आत्याने दुसरी वही उघडली, कडा झिजलेली. "वडिलांनी लिहिलंय. सकाळी ग्रहण. ऊन पातळ. दुपारनंतर पूर्ववत. निळा उत्तम उतरला."

अकरा वीस झाले होते. सगळं बोलणं ऐकत ठिपकी स्टुलावर तशीच बसून होती. आता तिने हात मागे नेले आणि गाठ सोडू लागली. ती उठली. पट्टी डोळ्यांवर धरूनच चाचपत वळली, सूर्याकडे पूर्ण पाठ केली, आणि मगच हात खाली घेतला.

"मामा, झारा धर," ती म्हणाली.

मी धरला. तिने तळहात पुढे केला. त्यावर विळे पडले, मनगटावरच्या तिळापाशी एक. ती किती तरी वेळ पाहत राहिली. मग अठरा वर्षांचं सगळं रडणं एकदम आलं. आत्याने तिला धरलं आणि मी मात्र झारा हलू दिला नाही.

बाबा घास सुटायच्या आत निघून गेला. पान न्यायला विसरला. पुढे पाणी तपासलं, ते जड निघालं, नवी कूपनलिका बंद झाली आणि डाग गेले.

त्या दिवसाची नोंद आत्याने ठिपकीला लिहायला लावली. मी पाहिली आहे: "दहा दहा ते बारा पस्तीस ग्रहण. ऊन पातळ. सगळ्यांनी पाठ करून पाहिलं."

ग्रहण पाहायचं तर त्यासाठीचे खास चष्मे मिळतात. नसतील तर असंच पाठ करून पाहा, पण पाहा, घरात लपून बसू नका. आणि कुणी आकडे नाचवत तुमच्या दारात आलं, तुमच्या घरातल्या एखाद्या पोरीकडे बोट दाखवून म्हणालं की सगळं मोजलेलं आहे, तर घाबरण्याआधी त्याच्या अंगठ्याकडे बघा. आणि विचारा: आणि तास?