धाकटीची माळ

माळ तुटली ती दोरा कुजल्यामुळे. सकाळी संग्रहालयाचं दालन उघडलं, तेव्हा काचेच्या पेटीत एकसष्ट मणी हाडांभोवती विखुरले होते. ते पाहून मला आधी आठवलं ते उत्खननाच्या छावणीतलं पत्र्याचं शेड, ओल्या मातीचा वास आणि बाईंची हाक: "चिमटा, कुठे आहेस ग?"

छावणीत मला सगळे चिमटाच म्हणत, कारण जेवतानाही माझ्या हातातला चिमटा सुटत नसे. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, बाईंची सगळ्यात नवी विद्यार्थिनी. नवाश्मयुगातल्या त्या वस्तीत आम्हाला तेवीस कबरी सापडल्या. मोठ्या माणसांजवळ एखादं मडकं, फार तर एक दगडी कुऱ्हाड. आणि एका पाच वर्षांच्या मुलाजवळ एकसष्ट मणी, शिंपल्याचे, दगडाचे, हाडाचे. इतक्या लहान वयाच्या हाडांवरून मुलगा की मुलगी ते सांगता येत नाही, तरी आम्ही सगळे तिला धाकटी म्हणायचो. ब्रशने माती काढताना कुणाचा आवाज चढला, की छावणीचा स्वयंपाकी लांबूनच दटावायचा, "हळू बोला, धाकटी उठेल."

मणी निघाले ते दोन दिवस बाई तापाने फणफणल्या होत्या. मी एकेक मणी कागदाच्या पुडीत ठेवून वर त्याची जागा लिहीत होते: गळा, छाती, हात, पावलं. तिसऱ्या दिवशी फोटोग्राफर यायचा होता. बाई उठतील तेव्हा त्यांना काहीतरी सुंदर दिसावं, एवढंच माझ्या मनात होतं. दुपारी मी सगळ्या पुड्या सोडल्या, मणी धुतले आणि लहान-मोठे लावून ओवले. पुड्यांचे कागद चुलीत गेले.

बाई शाल गुंडाळून आल्या. माळ पाहून त्यांचा उतरलेला चेहरा एकदम उजळला.

"गळ्यात होती?"

"हो," मी म्हणाले.

त्या एका 'हो'वर बाईंचं पुस्तक उभं राहिलं. पाच वर्षांच्या पोराने स्वतः काही मिळवलेलं नसतं. तरीही वस्तीतला सगळ्यात मोठा दागिना त्याच्या गळ्यात, म्हणजे मान जन्मानेच मिळत होता. काही घरं बाकीच्यांपेक्षा वरची होती. पेटीवरची पाटीही तेच सांगत होती: 'प्रतिष्ठित घरातील मूल'.

आता मी मणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. एका दोऱ्यात वर्षानुवर्षं वापरलेले मणी एकमेकांना घासून सारखे झिजतात. हे तसे नव्हते. एकाच्या भोकाची एकच कड खोल झिजली होती. तो बराच काळ कुणाकडे एकटाच लोंबत असणार. दुसऱ्यात भोक पाडतानाचे ओरखडेही अजून स्पष्ट होते. ही मुळात एक माळ नव्हतीच.

नवी पाटी मलाच लिहायची होती. बाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या झाल्या होत्या, आणि ते 'हो' खोटं होतं, हे मी त्यांना अजून सांगितलं नव्हतं.

दार त्यांच्या भाचीने उघडलं. आतून आवाज आला, "चिमटा ना? ये. किती वाळलीस ग! जेवतेस का काही, की नुसती हाडंच मोजतेस?"

मी मण्यांचे फोटो टेबलावर मांडले आणि सगळं सांगून टाकलं. पुड्या, चूल, 'हो'. बाई भिंग घेऊन एकेक फोटो पाहत राहिल्या.

"चुलीत?" त्या शेवटी म्हणाल्या. "अगं गधडे, पुड्या तरी ठेवायच्यास!"

"हो, बाई."

"आता पुन्हा 'हो' म्हणू नकोस. तुझं 'हो' फार महागात पडतं."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "मी तरी काय केलं? तुझी नोंद मागायला हवी होती. नाही मागितली. माळ फार सुंदर दिसत होती ग." मग एक फोटो जवळ ओढून, "पस्तीस वर्षं मी तिला बड्या घरची करून ठेवलं, आणि ही निघाली अख्ख्या वस्तीची. प्रत्येकाने अंगावरचा एकेक मणी काढून दिला असणार."

"तेही सिद्ध होत नाही, बाई. बड्या घरच्या मुलालाही लोक असेच देतील."

बाई खुदकन हसल्या. "चला, एवढं तरी शिकवलं म्हणायचं मी तुला. पाटीवर काय लिहिणार?"

"मण्यांच्या जागांची नोंद हरवली आहे, असं."

"नोंद आपली आपण हरवत नाही. कुणी हरवली ते लिही. आणि मी विचारलं नाही, तेही लिही."

मी मणी पुन्हा ओवले नाहीत. नऊ मण्यांच्या जागा मला पक्क्या आठवत होत्या. ते तिथे ठेवले आणि 'आठवणीवरून' असं लिहिलं. एका कडेने झिजलेला मणी धाकटीच्या उजव्या तळहाताशी होता. उरलेले बावन्न बाजूला एका बशीत आहेत. पाटीखाली आम्हा दोघींच्या सह्या आहेत.

दालन पुन्हा उघडलं त्या दिवशी भाची बाईंना चाकांच्या खुर्चीतून घेऊन आली. बाईंनी पाटी दोनदा वाचली. मग त्या पेटीकडे वाकून बघत राहिल्या. मागे कुणीतरी मोठमोठ्याने बोलत होतं. बाई वळल्या आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," त्या म्हणाल्या.